‘सुपरमॅन २’ची फेरजुळणी : दोन दिग्दर्शक, दोन शेवट, एक टाइमलाइन

सुपरहिरोपटाचं फॅन एडिट, म्हणजे चाहत्याने हौसेने केलेलं फेरसंकलन, शिकायला ‘सुपरमॅन २’सारखं दुसरं प्रकरण नाही. एकच कथा, तेच कलाकार आणि दोन अधिकृत आवृत्त्या, दोन्ही अर्ध्यामुर्ध्या पटणाऱ्या. भरीला टीव्हीवर दाखवलेले जादा तुकडे. सामग्री भरपूर असल्यामुळे नवख्या संकलकाला वाटतं की सगळं गोळा करून जोडलं की सर्वांत मोठी आणि म्हणून सर्वांत चांगली आवृत्ती तयार होईल. होत नाही. या चित्रपटात एक निर्णय बाकी सगळे निर्णय ठरवतो: आपला सहकारी क्लार्क हाच सुपरमॅन आहे हे वार्ताहर लोइस लेन शेवटी विसरते कशी? ते ठरवल्याशिवाय टाइमलाइनवर एकही कट मारू नये.

आधी सामग्री कुठून आली ते पाहू. अलेक्झांडर आणि इल्या साल्काइंड या बापलेकांनी 1977 मध्ये दोन्ही भागांचं चित्रीकरण एकदमच सुरू केलं. दिग्दर्शक रिचर्ड डॉनर. दुसऱ्या भागाचं बरंच काम झाल्यावर ते थांबवून आधी पहिला भाग पुरा केला गेला आणि तो डिसेंबर 1978 मध्ये आला. त्यानंतर डॉनर यांना काढून रिचर्ड लेस्टर यांना आणलं. सुपरमॅनचा बाप जोर-एल झालेल्या मार्लन ब्रँडोचे प्रसंग गाळून त्यांच्या जागी आईच्या, म्हणजे लाराच्या भूमिकेत सुझाना यॉर्क यांना घेऊन नवे प्रसंग चित्रित झाले. जीन हॅकमन परत आले नाहीत, त्यामुळे चित्रपटात त्यांचा खलनायक लेक्स लूथर जिथे जिथे नीट समोरून दिसतो तिथे फुटेज डॉनर यांचं आहे. भर घालायची होती तिथे डमी आणि नक्कल केलेला आवाज वापरला. छायाचित्रकार जेफ्री अन्सवर्थ 1978 मध्ये वारले, त्यामुळे लेस्टर यांच्या भागाचं छायाचित्रण रॉबर्ट पेंटर यांचं. संगीतही बदललं: जॉन विल्यम्स यांच्याच धून घेऊन केन थॉर्न यांनी नवं पार्श्वसंगीत बांधलं.

ही 127 मिनिटांची आवृत्ती डिसेंबर 1980 मध्ये युरोपातल्या काही देशांत व ऑस्ट्रेलियात आणि जून 1981 मध्ये अमेरिकेत लागली. 1984 मध्ये एबीसी वाहिनीने ती जादा प्रसंगांसह दाखवली, आणि इतर देशांच्या टीव्हीवरही वेगवेगळे जादा तुकडे दिसले. 2004 मध्ये ब्रँडो वारले. पुढे त्यांच्या वारसांकडून परवानगी मिळाली आणि नोव्हेंबर 2006 मध्ये मायकेल थाउ यांनी जुळवलेली 116 मिनिटांची ‘रिचर्ड डॉनर कट’ डिस्कवर आली. त्याआधी अनेक वर्षं चाहते टीव्हीवरचे तुकडे जमवून आपापल्या लांब आवृत्त्या बांधत होते. ती मागणी इतकी चिवट होती म्हणूनच गोदामातले रिळांचे डबे पुन्हा उघडले गेले, असं आमचं ठाम मत आहे.

नेमकी अडचण काय

डॉनर आवृत्तीचा पाया भक्कम आहे. पहिल्या भागातलं क्षेपणास्त्र अंतराळात फुटतं आणि क्रिप्टोनच्या तीन खलनायकांना कोंडलेला तुरुंग, फँटम झोन, तडकतो, म्हणजे दोन्ही चित्रपट एका धाग्यात येतात. जोर-एल आणि मुलगा यांची गोष्ट पूर्ण होते: बाप शक्ती काढून घेतो, आणि शेवटी स्वतःची उरलेली ऊर्जा देऊन ती परत करतो. लेस्टर आवृत्तीत हे सगळं एका हिरव्या स्फटिकावर निभावून नेलंय. भावनेचं वजन कुठे आहे हे सांगायला नको.

पण डॉनर आवृत्ती शेवटाला घसरते. सुपरमॅन पृथ्वी उलटी फिरवून काळ मागे नेतो. हा शेवट मुळात दुसऱ्याच भागासाठी योजला होता, पण तो उचलून पहिल्या भागाला लावला गेला, आणि 2006 मध्ये दुसऱ्यांदा तोच दाखवावा लागला. दोन्ही भाग लागोपाठ पाहिले की फार खटकतं. त्याहून मोठा घोळ पुढे आहे. काळ मागे गेला म्हणजे हॉटेलात ट्रक ड्रायव्हरने क्लार्कला मारलंच नाही. तरी क्लार्क तिथे जाऊन त्याला धडा शिकवतो. ज्याने काही केलंच नाही अशा माणसावर सुपरमॅन हात उचलतो. एवढ्या मायेने उभ्या केलेल्या नायकाच्या तोंडी हा शेवटचा घास कडू लागतो.

उलट लेस्टर आवृत्तीत लोइस चुंबनाने विसरते. ते सोयीचं आहे, पण त्याने बाकी जग जागच्या जागी राहतं: ट्रक ड्रायव्हरने खरंच मारलंय, व्हाइट हाउसची खरंच नासधूस झालीय, आणि झेंडा परत लावण्याला अर्थ आहे.

म्हणून आमची निवड अशी: धड डॉनर यांचं, शेवट लेस्टर यांचा. काळ उलटा फिरवायचा नाही. चुंबन, मग हॉटेल, मग झेंडा. या एका निवडीमुळे कुठले प्रसंग येणार, कुठले जाणार हे जवळपास आपोआप ठरतं.

काय राहतं, काय जातं

लेस्टर यांच्याकडे आयफेल टॉवरवरच्या हायड्रोजन बॉम्बने खलनायक सुटतात, तो पूर्ण प्रसंग जातो. क्षेपणास्त्राने फँटम झोन फुटल्यावर त्या बॉम्बची गरज उरत नाही; दोन्ही ठेवले तर खलनायक दोनदा सुटतात. लारा जाते. इथे तडजोड नाही: एकदा जोर-एल शक्ती काढून घेतो म्हटल्यावर आईचा एक शॉटही मध्ये आला तर प्रेक्षक गोंधळतो. छातीवरून सोलून फेकलेला ‘एस’ही जातो, त्या शक्तीचा आगापिछा कुठेच नाही.

लोइसच्या उड्या दोन आहेत. डॉनर यांच्याकडे ती ‘डेली प्लॅनेट’च्या खिडकीतून उडी मारते, लेस्टर यांच्याकडे नायगाराच्या प्रवाहात. हेतू एकच, क्लार्कला उघडं पाडायचं. दोन्ही ठेवल्या की दुसरी फुकट जाते. खिडकीतली उडी ठेवा. ती सुरुवातीलाच आहे, चपळ आहे, आणि फोटोवर चष्मा-टोपी रंगवण्याच्या प्रसंगातून सरळ वाहत येते.

रहस्य उघडतं तो प्रसंग मात्र अवघड आहे. डॉनर आवृत्तीत लोइस पिस्तूल रोखते आणि गोळी झाडते. संवाद फार उत्तम, पण हा प्रसंग प्रत्यक्ष चित्रपटासाठी कधी चित्रितच झाला नाही. थाउ यांनी ख्रिस्तोफर रीव्ह आणि मार्गो किडर यांच्या वेगवेगळ्या स्क्रीन टेस्ट एकमेकांत गुंफून तो उभा केलाय. त्यामुळे रीव्हची अंगकाठी, केस, चष्मा सगळं मागच्यापुढच्या शॉटपेक्षा वेगळं दिसतं. लेस्टर यांच्याकडे क्लार्क अडखळतो, हात शेकोटीत जातो आणि भाजत नाही. चित्र स्वच्छ आहे, पण गौप्यस्फोट अपघाताने होतो; लोइसच्या हुशारीला काही कामच उरत नाही. शिवाय लेस्टर यांच्या क्रमात हा प्रसंग नदीच्या लगेच मागून येतो, म्हणजे नदी काढली की त्याची सुरुवात छाटावी लागते.

आम्ही पिस्तूल ठेवू. प्रसंगाची ताकद चेहऱ्यांत आणि शब्दांत आहे. केसांचा फरक प्रेक्षक पाऊण मिनिटात विसरतो, पण बावळट योगायोग विसरत नाही. मात्र रंग आणि ग्रेन (फिल्मचे बारीक दाणे) जुळवण्यात सर्वांत जास्त वेळ इथे घालवावा लागेल याची तयारी ठेवा.

फोर्ट्रेसमधल्या, म्हणजे सुपरमॅनच्या बर्फातल्या घरातल्या, प्रसंगांचा क्रम हलवू नका. डॉनर यांच्याकडे दोघं एकत्र रात्र घालवतात ते शक्ती जाण्याआधी, आणि पुढच्या प्रसंगात लोइसच्या अंगात सुपरमॅनचा शर्ट आहे. लेस्टर यांच्याकडे क्रम उलटा आहे. इथे एक शॉट जरी इकडचा तिकडे गेला तरी कपडे चुगली करतात.

शेवटी खलनायकांचं काय होतं? डॉनर आवृत्तीत ते खोल दरीत कोसळतात, मग सुपरमॅन फोर्ट्रेसच भस्म करतो. लेक्सचं आणि त्या तिघांचं काय झालं याचं समाधानकारक उत्तर मिळत नाही. काळ उलटा फिरल्यामुळे तिथे ते झाकून गेलं. आपण काळ फिरवणार नाही, म्हणून उत्तर द्यावंच लागतं. उत्तर आहे: बर्फातले पोलीस त्यांना ताब्यात घेतात तो प्रसंग टीव्ही आवृत्तीत होता, आणि डॉनर कटच्या डिस्कवर गाळलेल्या प्रसंगांतही तो दिलाय. तो फोर्ट्रेस भस्म होण्याआधी बसवायचा. शक्ती गेलेल्या माणसांना सुपरमॅन मरू देत नाही, हे दाखवणं या नायकासाठी आवश्यक आहे. या एका मिनिटासाठी चित्राची थोडी खराबी सोसली तरी चालेल.

सामग्रीची तयारी

दोन्ही आवृत्त्यांच्या स्वतः विकत घेतलेल्या ब्लू-रे डिस्क हाताशी हव्यात. फॅन एडिट करणाऱ्यांत हा पहिला नियम मानला जातो, आणि दुसरा म्हणजे एका रुपयाचाही व्यवहार नाही. भारतातला कायदाही समजून घ्यावा: कॉपीराइट कायदा 1957 च्या कलम 52 मध्ये खासगी वापर, समीक्षा यांसाठी रास्त वापराची सूट आहे, 2012 च्या दुरुस्तीने आलेलं कलम 65-अ हक्कभंगाच्या हेतूने डिस्कचं संरक्षण तोडण्याला गुन्हा ठरवतं. अमेरिकेतला 1998 चा डीएमसीए हा कॉपीराइट कायदा याबाबत आणखी कडक आहे. घरी बसून संकलन शिकणं वेगळं आणि पूर्ण चित्रपट इंटरनेटवर चढवणं वेगळं. दुसरं करू नका.

ब्लू-रेची फाइल सरळ टाइमलाइनवर टाकू नका. तिच्यात प्रत्येक फ्रेम स्वतंत्र साठवलेली नसते, त्यामुळे फ्रेम-फ्रेमने मागेपुढे जाताना प्रोग्रॅम अडखळतो आणि कट एखाद्या फ्रेमने चुकतो. एफएफएमपेग या मोफत प्रोग्रॅमने आधी डीएनएक्सएचडी किंवा प्रोरेस या प्रत्येक फ्रेम स्वतंत्र साठवणाऱ्या प्रकारांत रूपांतर करा. डीएनएक्सएचडीच्या 175 मेगाबिट दराने तासाला साधारण 79 जीबी लागतात: 127 मिनिटांना 167 जीबी, 116 मिनिटांना 152 जीबी. दोन्ही मिळून 319 जीबी, वर टीव्हीचे तुकडे, आवाज आणि तयार प्रत. 1 टीबीचा वेगळा एसएसडी यासाठीच ठेवा, आणि प्रोजेक्ट फाइलची रोजची प्रत दुसऱ्या ठिकाणी.

संकलनासाठी दा विंची रिझॉल्व्ह या प्रोग्रॅमची मोफत आवृत्ती या कामाला पुरते. प्रोजेक्ट उघडल्याबरोबर टाइमलाइनचा वेग सेकंदाला 23.976 फ्रेम करा. पहिली क्लिप आत आली की तो सहजी बदलता येत नाही, आणि चुकून 24 वर काम सुरू झालं तर दोन तासांच्या अखेरीस आवाज आणि चित्र सात सेकंदांनी फारकत घेतात. चित्राची चौकट 2.39 (उंचीच्या 2.39 पट रुंदी), म्हणजे 1920 रुंदीत 804 ओळी, वरखाली काळं. दोन्ही डिस्कवर चित्राची उंची आणि सरक अगदी सारखी असेल असं धरू नका. एकच शॉट दोन्ही आवृत्त्यांतून घेऊन एकावर एक ठेवा, वरच्याची पारदर्शकता निम्मी करा आणि कडा जुळतात का बघा. दोन-चार पिक्सेलची तफावत असेल तर ती पूर्ण आवृत्तीला एकदाच दुरुस्त करून टाका.

टीव्हीचे तुकडे: इथेच बहुतेक प्रकल्प बिघडतात

टीव्हीसाठी चित्र 4:3 मध्ये कापलेलं असतं. 2.39 च्या चित्रातून 4:3 काढलं म्हणजे मूळ रुंदीतलं जेमतेम 56 टक्के उरतं. आता तेच परत 2.39 च्या चौकटीत बसवायला वरखाली कापलं तर एनटीएससी या अमेरिकी टीव्ही पद्धतीच्या 480 ओळींपैकी 268 शिल्लक राहतात आणि त्या तिप्पट ताणून 804 कराव्या लागतात. पाल या युरोपातल्या पद्धतीचं प्रसारण असेल तर 576 पैकी 321, अडीच पट. आधी बाजू कापलेल्या, आता डोकी कापलेली. चेहऱ्याच्या क्लोजअपची कपाळापासून हनुवटीपर्यंत नुसती पट्टी उरते.

दुसरा मार्ग म्हणजे 4:3 तसंच ठेवून 804 उंचीत बसवणं: रुंदी 1072 होते आणि दोन्ही बाजूंना 424 पिक्सेल काळं. 480 ओळी 1.7 पटीच्या आत ताणल्या जातात, चित्र पाहण्याजोगं राहतं. पण रुंद पडद्यावर अचानक खिडकी अरुंद झालेली प्रत्येकाला दिसते. अभ्यासाची प्रत असेल तर हा मार्ग प्रामाणिक आहे. गोष्टीत रमवायचं असेल तर नाही.

तिसरा मार्ग, आणि या प्रकरणात बरोबर, म्हणजे टीव्हीचं फुटेज शक्यतो वापरूच नये. गोष्टीला एखादा तुकडा अनिवार्य आहे का, हे आधी ठरवा. बर्फातल्या पोलिसांचा आहे. बाकीचे बहुतेक नुसते ‘आणखी थोडं’ आहेत. पोलिसांच्या प्रसंगासाठी डिस्कवरचे गाळलेले प्रसंग आधी तपासा. डीव्हीडी दर्जाच्या रुंद चित्रात 480 पैकी सुमारे 357 ओळी खऱ्या चित्राच्या असतात, त्या सव्वादोन पट ताणल्या की काम भागतं. 268 आणि 357 यांतला फरक कागदावर लहान, पडद्यावर मोठा.

टीव्हीचा तुकडा घ्यावाच लागला तर त्याचा वेग आधी दुरुस्त करा. एनटीएससीत सिनेमाच्या 4 फ्रेमची आळीपाळीने तीन आणि दोन अशी 10 फील्ड (अर्ध्या ओळींची चित्रं), म्हणजे 5 व्हिडिओ फ्रेम केलेल्या असतात. व्हेपरसिंथ किंवा एव्हिसिंथ या प्रोग्रॅममध्ये ही क्रिया उलटी (उलट टेलिसिने) करून त्या परत 4 कराव्या लागतात. अडचण अशी की टीव्हीवाल्यांनी जाहिरातींसाठी टेपवरच कट मारलेले असतात आणि प्रत्येक कटपाशी तो 3:2 चा ताल तुटतो. स्वयंचलित फिल्टर तालाला धरून चालतो, तुटला की एखादी दातेरी फ्रेम सोडून देतो. कटच्या आधीच्या आणि नंतरच्या सहा-सहा फ्रेम डोळ्यांनी तपासणं यावर एकच उपाय आहे.

पाल वेगळं. तिथे 24 फ्रेम सरळ 25 च्या वेगाने पळवलेल्या असतात. 127 मिनिटांचा चित्रपट 122 मिनिटांत संपतो आणि आवाज सुमारे 0.7 अर्धस्वराने चढतो. क्लिपचा वेग 95.904 टक्के करा आणि आवाजही त्याच प्रमाणात खाली आणा. ‘पट्टी कायम ठेवा’ हा पर्याय बंद असला पाहिजे, नाहीतर रीव्हचा आवाज कोवळाच राहील. काही पाल टेप एनटीएससीवरून रूपांतरित केलेल्या असतात. हात हलला की दुहेरी भूत दिसतं ती हीच खूण. त्या फ्रेम मिसळलेल्या असतात, सुट्या होत नाहीत. तसा स्रोत सोडून द्या.

रंग आणि पोत

अन्सवर्थ यांचं चित्र धुकट आहे. लेन्ससमोर डिफ्यूजन, दिव्यांभोवती वलय, काळा रंग पूर्ण काळा नाही. पेंटर यांचं चित्र ठळक, सपाट, कॉमिकच्या पानासारखं. दोन्हीला एकाच साच्यात बसवण्याचा मोह होतो आणि संकलक अन्सवर्थच्या शॉटवर शार्पनिंग चढवतात. हे चुकीचं. जे लेन्समध्येच विरघळलंय ते परत घट्ट होत नाही; फक्त ग्रेन टोकदार होतो आणि चेहऱ्यांना कड येते. उलट जा: लेस्टर यांचे शॉट थोडे मऊ करा. काळा किंचित वर, सर्वांत उजळ भागावर हलकं ग्लो, संपृक्तता पाच-दहा टक्के कमी. चुंबनाचा आणि हॉटेलचा भाग एवढ्यानेच बाकीच्या चित्रपटाच्या जवळ येतो.

जुळवताना निळ्या पोशाखाकडे बघू नका. ब्लूस्क्रीनच्या शॉटमध्ये पोशाख पार्श्वभूमीत विरून जाऊ नये म्हणून वेगळ्या छटेचा वापरलाय, आणि झोरान पेरिसिक यांच्या झॉप्टिक पद्धतीच्या उड्डाणांत मागचं चित्र पडद्यावर फेकलेलं असल्याने रंग आणखी हलतो. पोशाख एकसारखा करायला गेलात की चेहरे हिरवे पडतील. चेहऱ्याची त्वचा वेक्टरस्कोपच्या (रंग मोजणाऱ्या आलेखाच्या) त्वचा-रेषेवर आणा, ऑफिसातल्या राखाडी भिंती तटस्थ करा, पोशाखाला सोडून द्या. क्रमही तोच: आधी काळा-पांढरा, मग छटा, शेवटी संपृक्तता.

ग्रेन सर्वांत शेवटी. स्क्रीन टेस्टचा ग्रेन जाड, डीव्हीडीवरून ताणलेल्या प्रसंगाचा जवळजवळ शून्य. ताणलेल्या प्रसंगावर शेजारच्या शॉटच्या मापाचा ग्रेन घाला. तो नुसता सजावटीचा नसतो. तपशील कमी असलेलं चित्र डोळ्याला ग्रेनमुळे भरलेलं वाटतं.

आवाज

चित्राचा वाईट सांधा प्रेक्षक माफ करतो, आवाजाचा करत नाही. डिस्कवरचा 5.1 ट्रॅक सहा स्वतंत्र चॅनेलमध्ये फोडा. संवाद बहुतेक मधल्या चॅनेलमध्ये असतात, संगीत डाव्या-उजव्या आणि मागच्या चॅनेलमध्ये. म्हणजे मधला ठेवून बाकीचे बंद केले की संगीताशिवाय संवाद मिळतो, असं वाटतं. पुरता मिळत नाही: मधल्यात संगीताची पुसट सावली असते, आणि वारा, पावलं, काच यांचा निम्मा आवाज बाजूच्या चॅनेलमध्ये असतो तो जातो. ऑफिसचा प्रसंग मग रिकाम्या खोलीत घडल्यासारखा वाटतो. त्याच प्रसंगातली कुणी बोलत नाही अशी दोन-तीन सेकंदांची शांतता शोधा, ती सांध्यांना क्रॉसफेड (एक आवाज विरताना दुसरा चढणं) देऊन लांबवा आणि संवादाखाली अंथरा. डेमक्ससारखी आवाज वेगळे करणारी मोफत साधनं आता आहेत, पण ‘स’, ‘श’सारखे उच्चार त्यात पाण्यातून आल्यासारखे होतात; खाली ही अंथरलेली शांतता असेल तरच ते लपतं.

संगीताचा प्रश्न या प्रकरणात खास आहे. धून तीच असली तरी विल्यम्स यांचं ध्वनिमुद्रण लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राचं, भरदार. थॉर्न यांचं लहान वाद्यवृंदाचं, पातळ. डॉनर आवृत्तीत पहिल्या भागाचंच संगीत बरंचसं वापरलंय. त्यामुळे लेस्टर यांच्या शेवटात शिरलो की अचानक वाद्यवृंद आक्रसतो. 2008 मध्ये ‘फिल्म स्कोअर मंथली’ने रीव्हच्या चारही सुपरमॅनपटांचं संगीत 8 सीडींच्या संचात आणलं, ते हाती असेल तर चुंबनाच्या प्रसंगाचं संगीत नव्याने बसवता येतं. नसेल तर तो प्रसंग जवळपास संगीताविनाच ठेवा. दोन माणसं, एक टेबल, बाहेर शहराचा आवाज. तो प्रसंग शांततेत जास्त लागतो.

एक सांधा जवळून

सगळ्यांत नाजूक जागा म्हणजे लोइसची गच्ची. डॉनर आवृत्तीत सुपरमॅन तिला घरी सोडतो, ती रडते, गुपित सांभाळीन म्हणते. त्यानंतर पृथ्वी उलटी फिरते. आपल्याला इथून निघून लेस्टर आवृत्तीतल्या ‘डेली प्लॅनेट’च्या ऑफिसात पोचायचंय. गच्चीवरची लोइस आणि ऑफिसातली लोइस यांच्यात काही वर्षांचं अंतर आहे. केस, मेकअप, गाल सगळं वेगळं. सरळ कट मारला तर नटी बदलल्यासारखी वाटते.

म्हणून मध्ये तिसरं काहीतरी हवं. सुपरमॅन उडून जातो तो शॉट पूर्ण जाऊ द्या, आणि आकाश रिकामं झाल्यावर 20 ते 24 फ्रेम थांबा. मग ‘डेली प्लॅनेट’च्या इमारतीचा दिवसाचा बाहेरचा शॉट, 72 ते 96 फ्रेम, म्हणजे तीन-चार सेकंद. दोनच सेकंद ठेवला तर तो ठिगळ वाटतो. गच्चीच्या प्रसंगाखालचं संगीत पुढच्या मोठ्या उसळीकडे चढत जाणारं आहे, ते चढण्याआधी जिथे श्वास घेतं तिथेच विरवा. विरण्याला किमान दोन सेकंद द्या. ऑफिसातल्या टाइपरायटरचा आवाज चित्राच्या 10-12 फ्रेम आधी इमारतीच्या शॉटवर सुरू करा. कान आधी ऑफिसात पोचतो, डोळा मागून जातो, आणि रात्र उलटून गेली हे कुणी न सांगता कळतं. ऑफिसातला पहिला शॉट लोइसच्या चेहऱ्याचा घेऊ नका. क्लार्कचा घ्या, किंवा दोघं लांबून दिसतात तो. तिचा चेहरा तिसऱ्या शॉटला आला की फरक झिरपून गेलेला असतो.

आवाजाच्या प्रत्येक कटला 2 ते 4 फ्रेमचा क्रॉसफेड द्या, नाहीतर टिकटिक ऐकू येते. हेडफोनवर जी टिकटिक जाणवत नाही ती टीव्हीच्या स्पीकरवर स्पष्ट येते, आणि उलटही होतं. दोन्हीवर ऐका.

सबटायटल आणि शेवटची तपासणी

डिस्कवरची सबटायटल आता जुळणार नाहीत, नव्याने वेळा लावाव्या लागतील. ‘सबटायटल एडिट’ या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक सलग भाग एकगठ्ठा सरकवा. एकेक ओळ हलवत बसू नका. फाइल 25 फ्रेमच्या प्रसारणासाठी बनलेली असेल तर आधी वेळांना 1.0427 ने गुणा. मराठीत सबटायटल करणार असाल, आणि घरच्या मोठ्या माणसांसाठी ते जरूर करावं, तर फाइल यूटीएफ-8 मध्ये साठवा आणि एका ओळीत 35-38 अक्षरांपलीकडे जाऊ नका. अनेक टीव्हींचे स्वतःचे प्लेअर जोडाक्षरं फोडून दाखवतात: ‘शक्ती’चं ‘शक्‌ती’ होतं, वेलांटी भलतीकडे जाते. त्या टीव्हीसाठी सबटायटल चित्रातच कोरलेली वेगळी प्रत काढा. क्रिप्टोनवरची माणसं एकमेकांशी भारदस्त बोलतात, त्यांना ‘आपण’ शोभतं. जोर-एल मुलाशी बोलताना मात्र ‘तू’ म्हणू द्या, नाहीतर बाप परका होतो.

तयार प्रत एक्स 265 या एन्कोडरने, 10 बिट, सीआरएफ (दर्जाचा आकडा, कमी तितका चांगला) 16-18 वर काढा. 8 बिटमध्ये फोर्ट्रेसच्या पांढऱ्या-निळ्या भिंतींवर पट्टे दिसतात. आवाज 5.1, 640 किलोबिट.

मग प्रत पेनड्राइव्हवर घेऊन टीव्हीवर लावा आणि न थांबवता बघा. हातात कागद, घड्याळावरची वेळ लिहायची, एवढंच. उठून दुरुस्त करायला जायचं नाही. सर्वांत जास्त सापडते ती कटपाशी राहून गेलेली एकच फ्रेम: गाळलेल्या शॉटचा सेकंदाचा चोविसावा भाग, लखकन चमकून जाणारा. टाइमलाइनवर शंभरदा पाहिला तरी नजरेतून सुटतो, कारण तिथे आपण कट कुठे आहे हे जाणून बघत असतो. गच्चीनंतर, पोलिसांच्या प्रसंगाच्या दोन्ही टोकांना आणि पिस्तुलाच्या प्रसंगात शिरताना या चार जागा आधी तपासा. दोन स्रोत तिथेच एकमेकांना भेटतात.